बत्तीस ते अडतीस

माझं काम दाराबाहेर उभं राहायचं.
आत माणूस, हातात प्लास्टिकची बरणी,
बाहेर मी, कान देऊन.
बाटलीतून ओतलेली धार वेगळी पडते, माणसाची वेगळी,
एकवीस वर्षांत एवढं कळायला हवं.

माहुलच्या टँकरवाल्यांची तपासणी वर्षातून दोनदा.
आधी ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा,
मग नळीत फुंकायचं, फुंका, फुंका, अजून, सोडू नका,
कादर दरवेळी चक्कर येऊन खुर्चीत बसतो.
मग कानात बारीक टूं. ऐकू आलं की बटण.
ज्यांना ऐकू येत नाही
त्यांनाही बटण कधी दाबायचं ते पाठ असतं.
शेवटी मी, आणि बरणी.

बरणीच्या पोटावर एक पट्टी असते,
बत्तीस ते अडतीस डिग्रीत हिरवी होते.
खाली गेली तर कुठून तरी आणलेलं,
वर गेली तर गरम पाण्यात धरलेलं,
मधे असली तर माणूस.

जनार्दन भुवडची पट्टी हिरवी होती.
रेघाही सगळ्या दोन-दोन.
आमच्याकडे दोन रेघा म्हणजे सुटका,
एकच आली की गाडीवरून खाली.
मला जरा नवलच वाटलं.
भुवड रात्रीची मनमाड लाइन मारतो,
घाटाआधी एका टपरीवर चहाबरोबर काय मिळतं
ते मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्याला.
चला, बरं झालं, असं म्हणून
सवयीनं दुसरी काडी बुडवली, साखरेची.

ती हिरवी झाली. मग तपकिरी. मग
जळलेल्या गुळासारखी.
शेजारची चौकट जांभळी.
आणि सकाळीच बोटातून घेतलेलं त्याचं रक्त
समोर कागदावर: ब्याण्णव.

"कुणाची आहे?"
"कुणाची म्हणजे? माझीच."
"भुवड."
तो रुमालाची घडी घालत राहिला, मोडत राहिला.
मी वेगळं विचारलं.
"मुलगा केवढा?"
"नववं लागलंय."
"पाणी फार पितो?"
"उन्हाळा आहे ना."
"रात्री उठतो?"
"उठतो. दोनदा अंथरुणातच... आईनं मारलं त्याला."
"आणि वजन?"
तेव्हा त्याचा हात स्वतःच्या पट्ट्यावर गेला.
"चड्डी राहत नाही कमरेला.
मीच खिळा तापवून नवं भोक पाडलं."

पहाटे पाचला पोराला उठवलं होतं,
बाळा, ह्या बाटलीत कर, गंमत आहे.
पोरगं झोपेतच उभं राहिलं,
काठोकाठ भरून दिलं.
बाटली काखेत बांधून बाप इथवर आला,
बत्तीस ते अडतीस.

ओरडायचं होतं, जमलं नाही.
चिठ्ठीवर लिहिलं: शीव, लहान मुलांचा वॉर्ड, आत्ता.
खाली दोनदा रेघ मारली. टॅक्सी कर, म्हटलं,
गाडीला हात लावू नकोस.
बुटांच्या नाड्या लोंबत तो धावला,
गेटवर सही करायचंही विसरला.

फॉर्मवर रकाना असतो, नमुना नाकारल्याचे कारण.
दोन बोटं रुंद.
'नमुना कामगाराचा नाही,' लिहिलं.
डॉक्टरबाई म्हणाल्या, मग कुणाचा?
त्याला रकाना नाही, मॅडम.

अडीच आठवड्यांनी भुवड परत आला.
पोरगं घरी आलंय म्हणाला. दिवसाला चार सुया.
बायकोला बघवत नाही, तोच टोचतो.
बरणी घेऊन आत गेला, दार पुरतं लावलं नाही.
मी भिंतीकडे तोंड करून उभा.
धार माणसाचीच.

तिसऱ्या चौकटीत एकच रेघ.
पाच मिनिटं थांबायचा नियम आहे,
थांबलो दोघं, बघत.
दुसरी उमटली नाही.
त्यानं खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या,
नाडी बांधायला वाकला,
आणि वाकूनच विचारलं,
"आणि साखर?"