दोन सेकंद

मुंबईचा प्रश्न कानात पोचायला
दोन सेकंद लागतात.
तेवढा वेळ मी व्हरायटी चौकात
मान हलवत उभी,
समोर कुणी बोलत असल्यागत.

बावीस वर्षं.
डिसेंबरात अधिवेशन, तेवढे दिवस आम्ही राज्यात असतो.
मेमध्ये ते फक्त पारा विचारतात.
सत्तेचाळीस, मी सांगते.
एकदा डांबरावर अंडं फोडून दाखवा म्हणाले.
फोडलं. शिजेचना.
खापर्डेनं कॅमेरा खाली ठेवला,
ठेल्यावरनं शिजलेलं आणलं,
"घे, हे दाखव बे."

खापर्डे मागच्या उन्हाळ्यात गेला.
खालच्या पट्टीवरही आला नाही.

रात्री चप्पल काढताना
आई आतून विचारते, "जेवली का वं?"

मी दोन सेकंद
नुसती मान हलवत राहते.