पुसलेली, तरी चालू

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, रात्रीचे पावणेदोन.
टॉवेलचे माग बंद, सर्व्हर चालू.

मागच्या आठवड्यात नरसय्यानं
चालत्या प्रोग्रामच्या पोटातली लायब्ररी
तिथल्या तिथे, त्याच फाईलवर, नवी ओतली
आणि लेबलांचं मशीन ‘सोला’वर थांबलं.
‘पूर’चा पत्ता नाही.
काय करायलास बे, म्हटलं,
माग पळताना लावलेल्या पंचकार्डातच
नवी भोकं पाडतं का कोणी?

नवी शेजारी ठेवायची. मग नाव तेवढं सरकवायचं.
आज मी तसंच केलं.
काही पडलं नाही.
काही बदललंही नाही.

मूळ प्रोसेस पाडव्यापासून जागी आहे.
तिच्या हातात जुनीच. यादीत जुनीपुढे शेरा: पुसलेली.
पाटी गेली, डिस्कवर पानं तशीच,
कारण कुणीतरी अजून धरून आहे.
आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं फोर्क केला.
एक बावन्नला जन्मलेलं पोर,
नवी दारात येऊन सात मिनिटं झालेली,
तरी त्याच्याही हातात जुनी.
दाराकडे पाहिलंच नाही त्यानं.
पोरं शोधायला जात नाहीत,
आईचं जे पान उघडं
तेच त्यांचंही.

चहा ओतताना आठवलं,
सिरसिल्ल्याहून सूतवाले आले होते, आमच्याच आडनावाचे.
मी बोललो साखर पेठेतली तेलुगू.
ते हसले. वाईट नाही हसले.
म्हणाले, हा शब्द आमच्याकडे आता कुणी वापरत नाही.
खापरपणजोबा निघाले तेव्हाची आवृत्ती ही;
गावानं मागाहून बदलली,
आम्हाला कळवलं नाही,
आणि कळवून तरी काय.
माझी मुलगी मराठी शाळेत जाते,
पण ठेच लागली की
तोच शब्द.

नवी हवी तर हातचं सगळं खाली ठेवून
पहिल्यापासून उभं राहावं लागतं.
रीस्टार्टची ओळ लिहून ठेवलीये.
एंटर दाबलं की शेवटचा धरणारा सुटेल,
पानं खरोखर मोकळी होतील.
जुनीत भोक आहे, बुजवायलाच हवं,
मीच तर अर्ज केला होता वरती.

नरसय्या विचारतो, दाबू का ओ?

थांब, म्हटलं.
त्या पोराच्या हातात एक्कावन्न गाठींचं बिल आहे,
तेवढं छापून होऊ दे.