दगड, पाचशे चाळीस ग्रॅम

वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं.
मखमली पेटीत पितळी प्रमाण-वजनं,
खिशात शिक्का, पायात बाटाचे बूट,
असा पुण्याच्या पेठा फिरलो
वाराप्रमाणे नव्हे, तक्रारीप्रमाणे.

वारांचं म्हणाल तर
बुधवारात रोजच बुधवार.
गुरुवार पूर्वी वेताळ होता,
त्याला वार मागाहून मिळाला.
गाव मोठं झालं की असं होतं:
पाटी राहते, माल हलतो.

फडके हौदापाशी उतरा, सांगतात.
हौद विचारू नये.
लकडी पूल दगडी आहे हे शेंबडं पोर जाणतं
आणि त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटत नाही.
नागझरीला झरा म्हणा,
नाक दाबून पुढं चला.
कामाची सवय अशी लागली की प्रत्येक नावासमोर
दुसऱ्या पारड्यात मी वस्तू ठेवून बघतो.
काटा मधोमध उभा राहिलेला
फार थोड्या ठिकाणी आठवतो.

बोहरी आळीत अब्बासभाई काटेवाले,
चष्मा कपाळावर, कान दांडीला लावून:
"साहेब, तराजू आधी ऐकायचा, मग बघायचा."
त्यांच्यासाठी चहा यायचा, माझ्यासाठी नाही.
तपासणीला आलेल्यानं चहा घेऊ नये
हे त्यांनीच मला शिकवलं.

मंडई.
आठ कोन, वर निमुळता मनोरा,
आधी गव्हर्नराच्या नावाची, मग आपल्या माणसाच्या;
त्याच्याही आधी शनिवारवाड्यासमोर
उघड्या उन्हात भरायची.
आल्या-लसणाला यातलं काही ठाऊक नसतं.

तिथं सगुणाबाई रासकर.
सत्याऐंशी साल, मार्च, कोटा संपवायची घाई.
पारड्यात काळा, गुळगुळीत दगड.
"हे काय?"
"अर्धा किलो."
"कुणी सांगितलं?"
"पानशेतच्या पुरात घर गेलं, मापं गेली.
पाणी उतरल्यावर घाटावर ह्यो घावला.
सासऱ्याच्या हातावर ठेवला, म्हटलं, हाय का अर्धा?
हात म्हणाला, हाय."

मी पेटी उघडली.
पाचशे चाळीस.
पुन्हा तोलला. पाचशे चाळीस.
आमच्या छापील फॉर्मात
'कमी भरलेले ग्रॅम' एवढाच रकाना.

दिवसाला वीस गिऱ्हाइकं धरा,
वर्षाचे तीनशे दिवस, वर्षं सव्वीस:
सहा टनांहून जास्त आलं
या शहराच्या चहात, खोकल्यात, वाटणात
फुकट उकळलं होतं.
तिला सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
मग म्हणाली, "बरं मग,
ज्यांनी नेलं त्यांच्याकडनं वसूल करून आणा की."
शेजारचा लिंबूवाला जब्बार एवढा हसला
की त्याचा ढीग घसरला.

दगड हे वजन नव्हे. नियम आहे.
जप्त केला. पंचनामा केला. पंच जब्बार.
आठवड्यानं तिच्याकडे लोखंडी वजनं,
माझ्याच हातचा शिक्का, बरोबर पाचशे.

आणि महिन्याभरात तक्रार आली.
लेखी. सदाशिव पेठेतून. तीन मुद्दे, खाली सही.
सदर विक्रेती पूर्वी प्रामाणिक होती,
हल्ली मापात मारते,
खात्याने दखल घ्यावी.

मी उत्तर दिलं: तपासणीअंती वजन अचूक आढळले.
त्यांचं दुसरं पत्र आलं.
त्याला उत्तर दिलं नाही.

आता सगुणाबाई नाही, काटे बॅटरीवर चालतात,
मंडईपाशी जमिनीखालून मेट्रो जाते
आणि स्टेशनचं नाव मंडईच, एवढं एक जुळलं.

नोंदवहीत माझ्या अक्षरात आहे:
एक दगड, काळा, नष्ट केला.
तो माझ्या टेबलावर
लाइटच्या बिलांवर बसलाय.
खिडकीतून वारा आला तर उपयोगी पडतो.
कधीतरी उचलून हातावर घेतो,
विचारतो.
तेहतीस वर्षं नोकरी केलेला हात,
पण तोही म्हणतो,
अर्धा किलो.