काळी दोन

पियानो हे माझं काम नव्हे, मी आधीच सांगितलं होतं.
साखर पेठेत माझं दुकान, पेट्यांचं.
भाता फुटला, पट्टी बसली, सूर उतरला,
की कानशीने पितळेची जीभ घासून देणारा
मी नरसय्या येमुल.
पण मिशन शाळेच्या सत्यवेदीबाई म्हणाल्या,
सोलापुरात दुसरं आहे कोण?
खरंच, नव्हतं.

पियानोत उंदरांनी संसार थाटलेला.
तारांना गंज, हातोड्यांच्या लोकरीला कसर.
सायकलवाल्याकडचा पाना तासून
चार दिवस खुंट्यांशी झटलो.
सूर आले जागेवर. म्हणजे, जवळजवळ.
फक्त मंद्रातली काळी दोन
दाबली की नुसतं लाकूड बोलायचं:
ठक्.

तो आला ऐन मे महिन्यात,
लोकरी कोट हातावर घेऊन.
ओटमार ब्रुनिश. पूर्व जर्मनीचा.
गावाचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही,
पण मिलमधल्या रिंगफ्रेमच्या बिडाच्या पाटीवर
तेच नाव होतं, उठावाच्या अक्षरांत.
त्याचा बाप ती यंत्रं ओतायचा.
पाटीवर त्याने तळवा ठेवला, बराच वेळ.
मला वाटलं, हा आता मागांच्या तालाबद्दल बोलेल.
पाहुणे बोलतात तसं.
तो म्हणाला (दुभाष्याने कानात ओरडून सांगितलं),
बाप बहिरा होऊन मेला.

रात्री हॉलमध्ये एकतीस माणसं.
त्यातली नऊ वसतिगृहाची पोरं.
त्याने कोपरानेच सुरुवात केली.
माझी चार दिवसांची मेहनत
डोळ्यांदेखत वाळूत सांडली.
शेजारी तबलजी हणमंतप्पा मांडीवर सम शोधत होता;
थोड्या वेळाने त्याने हात उचलून
खिशातून तंबाखू काढली.
आणि मग त्याला ती सापडली. ठक्.
थांबला. पुन्हा, ठक्.
त्यानंतर कुठेही गेला, किती उधळला,
तरी येऊन त्याच दारावर टकटक करायचा,
आत कोणी आहे हे माहीत असल्यासारखा.
निघताना दुभाष्याकरवी म्हणाला,
तेवढी नीट करू नका.

पुढचं सगळं मला पोस्टकार्डांतून कळलं.
म्हणजे दुभाष्या बेहेरे वाचून दाखवायचा, पुण्याहून आला की.
की तो आधी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.
की साहेबांनी सांगितलं, काय वाजवणार ते आधी लिहून दे,
याने कोऱ्या कागदावर सही करून दिला;
मग दोन वर्षं तळघरं, स्वयंपाकघरं, एक सुताराची शेड.
की बारा वाद्यांसाठी त्याने रचना केली,
आणि बारावा नेहमी गप्प बसायचा, पगार घेऊन.
की भिंत पडली, सभागृहं मोठी झाली,
नंतर पुन्हा लहान झाली.
की उजवा हात थरथरतो.

एकदा रेकॉर्ड आली. प्लेअर मागून आणला.
बायको म्हणाली, बंद करा, म्हैस बिथरेल.
सातव्या मिनिटाला: ठक्.
कव्हरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बेहेरेने वाचलं:
जिथे जाईल तिथल्या पियानोतली
ती एक तार तो आधी उतरवून ठेवतो.
लोक म्हणतात, लहर.
मी कोणाला काही सांगितलं नाही.
सांगणार काय? की मला तार मिळाली नव्हती,
आणि मुंबईहून मागवायला शाळेकडे पैसे नव्हते?

मिल बंद पडली. यंत्रं किलोवर गेली.
पाटी तेवढी मी मागून घेतली;
भात्याला कातडं चिकटवलं की
वर वजन ठेवायला बरी पडते.
शेवटचं कार्ड त्याच्या बहिणीचं होतं.
माझाही डावा कान गेलाय आता,
पेटीवर बोट टेकवून सूर घेतो.

परवा शाळेने पियानो विकायला काढला.
बार्शीचं गिऱ्हाईक. सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या त्याने.
म्हणाला, ही एक बंद आहे.
म्हटलं, बंद नाही.
दाबा.
आता जरा थांबा.
पुन्हा दाबा.