बुटाची टाच

पहिला भुलभुलैया पत्र्याचा होता.
वालपराइसोच्या गोदीमागे
तीन गंजके कंटेनर एकाला एक जोडलेले,
आत फळकुटांच्या भिंती,
पोट घासत जावं लागेल असा एक बोळ,
आणि एक पायरी, जी आहे असं वाटतं आणि नसते.
यंत्रातून सोडलेला धूर
नाटकात सोडतात तसा, गोडसर.
माझ्या मुखवट्याच्या काचेवर काळा कागद चिकटवत
कॅप्टन एर्मिंदा म्हणाली,
‘उजवा हात भिंतीला. डावा पुढच्याच्या टाचेला.
एक सुटला तर चालेल.
दोन्ही सुटले तर तिथंच बस, आणि बोंब मार.’

मी बोंब मारली नाही. लाज वाटली.
सतरा मिनिटं एकाच खांबाला प्रदक्षिणा घातल्या
आणि दर फेरीला वाटलं, आलंच आता दार.
याला चकवा म्हणतात.
मुलखामुलखात नाव निराळं, खोड तीच,
आधी माणसाला एकटं पाडायचं.

आम्हाला पगार नसतो.
एलिसेओ मासे विकतो, मी दातांच्या कवळ्या बनवते,
निकानोर अजून शाळेत आहे, मिशी नुकतीच फुटतेय.
भोंगा वाजला की
ज्याच्या हातात जे असेल ते टाकून धावायचं.
एकदा मी कुणाचे तरी पुढचे चार दात
मेणात तसेच ठेवून आले होते.

घरी अंपारो रविवारच्या पुरवणीतलं कोडं सोडवते.
उंदीर इकडे, चीज तिकडे.
ती पेन्सिल नेहमी चीजवर टेकवते.
‘ही लबाडी झाली,’ मी म्हणते.
‘लबाडी कसली? चीज उंदराला शोधतंय.’

फेब्रुवारीत वारा सुटला होता तेव्हा
टेकडीवरचं एक घर पेटलं.
मालकानं भाड्यासाठी प्लायवूड मारून
एका दिवाणखान्याच्या सात खोल्या केलेल्या.
कंटेनरात तरी भिंती जागच्या जागी असतात.
पाचव्या खोलीत शिवणकाम करणारी ओतिलिया,
बाहेरचे सगळे सांगत होते, आत आहे, आत आहे.

एलिसेओ पुढे, मी मागे,
कमरेला दोरी, दोरीला गाठी,
आधी मोठी मग लहान लागली तर बाहेरची वाट,
उलट लागली तर आतली.
चौथ्या खोलीपाशी माझ्या उजव्या हाताखालची भिंत
संपली.
म्हणजे पडली असावी. दिसत काहीच नव्हतं.
डाव्या हातात टाच होती,
बाहेरच्या अंगानं झिजलेली,
कारण तो जरा लंगडतो आणि कबूल करत नाही.
ती टाच थांबली.
दोनदा हलली.
मी वळले.

ओतिलिया आत नव्हतीच.
कोपऱ्यावर पाव आणायला गेलेली,
पिशवी छातीशी धरून गर्दीत उभी,
आपल्यासाठी कोणी आत गेलंय हे तिला
सगळ्यांत शेवटी कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो,
एलिसेओच्या कडेवर शिवणयंत्र, मूल असावं तसं.
मी अर्धी, कोपऱ्यात, हेल्मेटसकट.
निकानोर नाही.
तो दाराशी दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून
बावीस मिनिटं बसला होता,
ढील देत, ताण घेत, ठिणग्या झटकत.
रात्री पाईप धुताना मला म्हणाला,
‘मी काहीच केलं नाही,’
आणि मनगटावरचा लाल वळ बाहीत लपवला.
मला तेव्हा काही सुचलं नाही. मी पाईप धुत राहिले.

अंपारोला मी ते घर काढून दाखवलं,
सात खोल्या, पडलेली भिंत तुटक रेघेनं,
आत दोन ठिपके.
तिनं कागद फिरवून घेतला.
‘आणि हा दारातला कोण?’
मी नाव सांगितलं.
तिनं ते वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं,
पेन्सिल त्यावर टेकवली,
आणि आत निघाली.