एक बोट आखूड

लोणटेकच्या टेसनावर हनोख मास्तर होते तेव्हाची गोष्ट.
छोटी गाडी दिवसातून एकदाच,
कबरस्तान रुळापलीकडे,
म्हणून दुपारचा चहा ते आणि बन्नेखाँ गोरकन मिळून घ्यायचे.
मला बोलावलं निवाड्याला.
मी हाडं बसवते. आधी माय बसवायची.
मोहाचं तेल, बांबूच्या कामट्या.

बन्नेखाँ म्हणाला, सांग बाई,
मानसाचं एक हाड मातीत सडत नाही ना?
माकडहाड. मोहरीएवढं राह्यते.
कयामतीच्या आंधी चाळीस दिवस पानी पडन
अन् त्या हाडातून मानसं उगवतीन,
धुऱ्यावर तरोटा उगवते तशी.

मास्तर म्हणाले, हाड खरं, जागा चुकली.
ते वर असतं, मानेखाली, बदामाएवढं.
जात्यात दळत नाही, चुलीत जळत नाही.
ऐरणीवर ठेवून घण घाला,
ऐरण फुटते.

दोघांनी सदरे वर करून पाठी पुढे केल्या.
मी मास्तरांच्या मानेपासून खाली आले,
बन्नेखाँच्या कमरेपासून वर गेले,
म्हटलं, तुमचे दोघांचेबी मणके सरकले हाये,
पोती उचलू नका.

हसलो. मग कुणी बोलेना.
रुळापलीकडे, कुंपणाच्या कडेला, रिबकाबाई होत्या.
त्यांच्या लोकांची जागा फार लांब,
बन्नेखाँनंच खड्डा खणला होता, पैसे न घेता.
आदल्या साली त्या फलाटावरून पडल्या,
पाय मी बसवला होता.
एक बोट आखूड बसला.
मरेपर्यंत लंगडल्या, मला कधी बोलल्या नाहीत.

मी विचारलं, मास्तर, त्या कशा उठतीन?
त्यांनी बशीतला चहा संपवला.
आधी लंगडतच, म्हणाले.
जशी गेली तशी. नाहीतर ओळखायचं कसं?
नंतर देव बरं करतो.

मास्तरांची बदली झाली. रूळ उपटून नेले.
ते म्हणायचे, त्यांचे मेलेले जमिनीखालून
गडगडत जातात, पार यरुशलेमपर्यंत.
चैतात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात
तेव्हा मी कुंपणापाशी उगाच थांबते.
त्या पायानं एवढं लांब.

आमच्यात जाळतात. माझा अंगठाही जळेल.
पण लंगडत उठणं आणि बरं होणं
यांच्या मधे थोडा वेळ असेलच ना,
तेवढ्यात तो पाय
एकदा माझ्या मांडीवर द्या.