बूड

पीटरहेडच्या बंदर-ऑफिसात मी फायली टाइप करते.
सकाळी साडेआठ. खिडकीत सीगल, हीटरवर माझे ओले मोजे,
पुढ्यात इशबेल कॉर्डिनरचा तीन पानी जबाब.
ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या:

विंचचं गार्ड मार्चपासून काढलेलं होतं.
स्ट्रुअननं स्वतः सांगितलं, फोनवर, रविवारी.
मी बटाटे सोलत होते, स्पीकर चालू होता.

आणखी कुणी ऐकलं?
मांजरानं.

त्याखाली साहेबांच्या पेनानं एकच विशेषण:
अनसब्स्टॅन्शिएटेड.
फॉर्मच्या रकान्यात ते मावत नाही,
शेपूट चौकटीबाहेर लोंबतं.

मिस्टर गेडिस चष्मा पुसत समजावतात:
खोटं नव्हे हं. खोट्याला वेगळा शब्द आहे.
हा बाईला खोटारडी म्हणत नाही.
हा एवढंच म्हणतो, की तिच्या म्हणण्याला
उभं राहायला खाली काही नाही.
दाव्याला लागतो, आरोपाला लागतो, अफवेलाही.
(आईला लावल्याचं उदाहरण
त्यांच्या जाड डिक्शनरीत नाही. मी पाहिलं.)

मग मी माझ्या भाषेत चाचपडते.
निराधार म्हणावं,
तर आमच्याकडे निराधार बाई असते, तिची पेन्शन असते,
तिच्या नावानं निदान एक रांग असते.
बिनबुडाचा म्हणावं,
तर बुडाशीच तर आहे सगळं:
ऐंशी वाव पाणी, खाली कुशीवर पडलेली सिल्व्हर टर्न,
डेकवर विंच,
आणि विंचवर गार्ड, असेल किंवा नसेल.
बिनबुडाचा कसा?
बुडालेला म्हणा.

दुपारी ती स्वतः आली. सही करायला.
शब्द बोटानं वाचला, अर्धाच,
आणि विचारलं, हे चांगलं की वाईट?
मी म्हटलं, चहा घेणार?

तिनं पर्समधून जॅमची बाटली काढली.
आत चार बोल्ट, गंजलेले.
त्याच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडले म्हणाली.
गेडिस हळूच म्हणाले, बोल्ट काय, कुठल्याही दुकानात मिळतात.
हो, ती म्हणाली. मिळतात ना.
बाटली तिथंच राहिली.

संध्याकाळी दार उघडलं की वारा आत येतो,
सुटे कागद उडतात.
तीन पानी जबाबावर मी ती बाटली ठेवली आहे.
उद्या कुणी विचारलं तर
काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही.